खुणेच्या वर थोडंसं तेल

दट्ट्या हे काही त्याचं खरं नाव नव्हे. खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथेच राहिलं. बस आगाराच्या वर्कशॉपमध्ये फोरमनपासून झाडूवालीपर्यंत सगळे त्याला दट्ट्या म्हणत, आणि ते नाव असं अंगवळणी पडलं होतं की बँकेत कोणी खऱ्या नावाने पुकारा केला तर तो आपल्या जागी ढिम्म बसून राहायचा. चाकाचे धक्के झेलणाऱ्या शॉकअपच्या नळीत दांड्याच्या टोकाला जो जाड गोल तुकडा वरखाली होतो, तो दट्ट्या. आमचा हा माणूसही बुटका, गोल, आखूड मानेचा. पाठीवर पडून बसखाली सरकायचा आणि त्याच चालीने बाहेर यायचा.

वर्कशॉपमध्ये इंजिनवाल्यांचा तोरा असतो, ब्रेकवाल्यांचा दरारा असतो. शॉकअपवाल्याला कुत्रं विचारत नाही. बस बंद पडली तर बोंब होते, ब्रेक लागला नाही तर पेपरात येतं, पण शॉकअप गेला तर प्रवासी फक्त कंबर चोळत उतरतात आणि रस्त्याच्या नावाने बोटं मोडतात. दट्ट्याला याचं वाईट वाटायचं आणि ते तो लपवतही नसे. त्याचं म्हणणं, खड्डा रस्त्यातच असतो, कबूल, पण तो प्रवाशाच्या मणक्यापर्यंत पोचू द्यायचा की नाही हे माझ्या टेबलावर ठरतं. जेवणाच्या सुट्टीत हे ऐकवून त्याने लोकांना इतकं पिडलं होतं की तो डबा घेऊन आला की बाकीचे हळूच सरकून बसायचे.

पण काम बघावं तर त्याचं. जुना शॉकअप आला की आधी रॉकेलने स्वच्छ धुवायचा, व्हाइसमध्ये उभा आवळायचा, वरचं आट्यांचं झाकण सोडवून दांडा बाहेर ओढायचा. दांड्यावरून नख फिरवून ओरखडा शोधायचा. झिजलेली रिंग, कडक झालेलं सील बदलायचं, काळं पडलेलं तेल ओतून टाकायचं आणि नवं भरायचं. मग सगळं बंद करून, शॉकअप उभा धरून, आतली हवा निघेपर्यंत दांडा सावकाश वरखाली करायचा. शेवटी डोळे मिटून एकदा दाबायचा आणि एकदा ओढायचा. दाबताना सैल, ओढताना घट्ट. चाक आदळलं की पटकन जागा द्यायची आणि चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे उसळायला लागले की त्यांना धरून धरून सोडायचं, शॉकअपचं सगळं शहाणपण एवढंच आहे.

आणि तेल मापानेच. त्याच्याकडे दांडीचं एक अ‍ॅल्युमिनियमचं माप होतं, आतल्या अंगाला खूण कोरलेलं. नव्या फिटरांना वाटायचं, तेल जास्त म्हणजे बस जास्त मऊ. ते सढळ हाताने ओतायचे आणि दट्ट्या त्यांच्यावर डाफरायचा. तेलाला अंग हलवायला जागा ठेवा, असं तो म्हणायचा. दांडा आत शिरला की जागा खाणार, तेल तापलं की फुगणार. वर रिकामं ठेवलं नाही तर ते जाईल कुठे? मग तो शॉकअप राहत नाही, त्याची पहार होते, आणि पहारीवर बस बसवली तर जे व्हायचं तेच होतं. हे भाषण वर्कशॉपमध्ये सगळ्यांना पाठ होतं. अशा माणसाच्या हातून ते घडलं, म्हणून तर सांगायचं.

दट्ट्याची बायको घरी बसून एका शिंप्याच्या दुकानासाठी काजं करायची. शर्टाची काजं, कोटाची काजं, एकेक टाका असा बसवायची की मशीन झक मारेल. हे सगळं ती एका डोळ्यावर करत होती. डावा डोळा लहानपणीच गेलेला, त्यातून फक्त उजेड आणि अंधार कळायचा. उजव्या डोळ्याचं काम दोघांचं, आणि त्याने कधी कुरकुर केली नव्हती. एका सकाळी मात्र तिच्या लक्षात आलं की सुईचं टोक दिसतंय आणि मांडीवरचं कापड दिसत नाहीये. खालून काहीतरी काळं वर आलं होतं. तिने चष्मा पुसला, डोळा धुतला, पुन्हा चष्मा पुसला. दुपारपर्यंत ते काळं तसंच राहिलं, तेव्हा तिने मुलाला फोन केला आणि मुलाने बापाला.

गावातल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ आत बघितलं आणि मग कागदावर एक गोल काढून दाखवला. डोळ्याच्या आतला पडदा वरून सुटायला लागला होता आणि सुटत सुटत मधोमध येऊ पाहत होता. वरचं सुटलं की बघणाऱ्याला सावली खालून दिसते. मधल्या भागाला सावली लागायच्या आत शस्त्रक्रिया झाली तर नजर राहील, लागल्यावर झाली तर राहिली तर राहिली. मोठ्या शहरातल्या दवाखान्यात त्यांनी लगेच फोन करून ठेवला. आज सपाट निजायचं, उद्या दुपारच्या आत तिथे पोचायचं, आणि वाटेत डोकं हलू द्यायचं नाही. एकेका धक्क्याने पडदा आणखी सुटू शकतो, असं त्या म्हणाल्या. आयुष्यभर दट्ट्या ज्या गोष्टीशी कुस्ती खेळत आला, ती आता त्याच्या बायकोच्या डोळ्यात येऊन बसली होती.

मुलगा म्हणाला, मित्राची गाडी सांगतो. दट्ट्याने उडवून लावलं. त्या डोंगरातल्या रस्त्यावर असली हलकी गाडी म्हणजे डबा, आतल्या माणसाचा खुळखुळा होतो. अ‍ॅम्ब्युलन्सचं नाव निघालं तेव्हा तर तो चिडलाच. गावातल्या अ‍ॅम्ब्युलन्सचे शॉकअप त्याने एकदा वाकून बघितले होते, आणि आजारी माणसाला त्यात आडवं घालतात म्हणून बरं, बसवलं तर डोकं छताला लागेल असं त्याचं मत झालं होतं. सकाळची बस दुपारच्या आत पोचते, लांब असते, जड असते, मधल्या सीटवर पाळण्यात बसल्यासारखं वाटतं. मुलगा तोंड उघडणार तेवढ्यात आतल्या खोलीतून, सपाट निजल्या निजल्या, बायको बोलली.

"बसनंच जाऊ. यांच्या हातची आहे."

झालं, वादच मिटला. निघण्यापूर्वी दट्ट्याने तिला विचारलं, काळं किती वर आलंय. ती म्हणाली, होतं तेवढंच.

तो थेट वर्कशॉपला गेला. सकाळच्या फेरीची बस संध्याकाळी परत आली आणि धुवायच्या आधीच त्याने ती पिटवर, खालून काम करायच्या खड्ड्यावर, घ्यायला लावली. खाली जाऊन बघतो तर मागच्या चाकांचे दोन्ही शॉकअप संपलेले, एकाच्या अंगावर तेल ओघळून धूळ बसलेली. पुढचे त्याने महिन्यापूर्वीच केले होते, ते ठीक होते. मागचे दोन काढून त्याने टेबलावर आणले. फोरमन जाता जाता म्हणाला की आज या बसने कोण मोठे साहेब चाललेत का. दट्ट्याने मान वर केली नाही.

काम त्याने मन लावून केलं. दोन्ही दांडे बदलले, सीलं कोरी करकरीत घातली, रिंगा घासून घासून बसवल्या. मग माप घेतलं आणि खुणेपर्यंत तेल भरून पहिल्या नळीत ओतलं. दांडा जरा घाईने घातला गेला आणि चार थेंब टेबलावर सांडले. तेवढे भरून काढायला त्याने वरून थोडं ओतलं. दुसऱ्यात काही सांडलं नव्हतं, पण जोडी सारखी हवी म्हणून त्यातही थोडं ओतलं. आणि मग, का कोण जाणे, दोन्हींत आणखी जरासं. आपल्या माणसाला वाढताना डाव आपोआप भरून येतो तसा त्याचा हात सैल सुटला. नव्या फिटरने हे केलं असतं तर दट्ट्याने त्याला सगळ्यांसमोर फैलावर घेतलं असतं. स्वतःला त्याने एवढंच सांगितलं की सांडलेलं भरून काढलं.

दोन्ही शॉकअप त्याने हाताने दाबून, ओढून बघितले. सुरेख होते. बसला लावले, मागच्या बंपरवर उभं राहून उड्या मारून बघितलं, बस एकदा दबली आणि शहाण्यासारखी जागेवर आली. पण बस रिकामी होती आणि तेल गार होतं. ह्या दोन्ही गोष्टी त्याच्या लक्षात यायला हव्या होत्या, आणि त्या दिवशी त्या आल्या नाहीत.

सकाळी त्याने बायकोला बसच्या बरोबर मधल्या सीटवर बसवलं. मानेभोवती चादरीची जाड गुंडाळी केली, दोन्ही बाजूंना उशा लावल्या. ती हसून म्हणाली की काचेचं सामान पाठवताना असंच बांधतात. त्याच्या पिशवीत कपड्यांखाली पाने होते हे तिला आवाजावरून कळलं, आणि दवाखान्यात तुम्हाला नक्की काय उघडायचंय, असंही तिने विचारून घेतलं. समोरच्या सीटला एक लोखंडी दांडी होती आणि दांडी धरणाऱ्या पट्टीत एकाखाली एक असे दोन स्क्रू होते. दट्ट्याने ठरवून टाकलं की वाटेत सावलीचा हिशेब ह्या स्क्रूंवरून ठेवायचा. मान न हलवता तिने बघितलं.

"वरचा दिसतोय?"

"दिसतोय."

"आणि खालचा?"

"तोही दिसतोय."

त्याचा जीव थोडा खाली बसला. ड्रायव्हर वेळेचा इतका पक्का की आगारात त्याला घड्याळच म्हणत. हातात भलंमोठं घड्याळ, ते कोणत्याही वळणावर बघायची सवय. घंटी झाली आणि बस ठरल्या मिनिटाला हलली. दट्ट्या तिच्या शेजारी बसला, चपला काढल्या आणि पावलं नुसती फरशीवर ठेवली. बसचं मन त्याला तळव्यांतून कळायचं.

पहिला टप्पा असा गेला की त्याची कॉलर ताठ झाली. आगाराबाहेरचा उखडलेला चौक, रुळांची फाटकं, पुलाचे सांधे, सगळं बसने गिळून टाकलं. बायको म्हणाली, "आज बस वेगळीच वाटतेय हो." नोकरीत त्याला कुणी अशी पावती दिली नव्हती. मुलाच्या मित्राच्या गाडीचा विचार मनात येऊन तो गालात हसलासुद्धा.

मग थांबे सुरू झाले. बाजाराचा दिवस होता. पोती, टोपल्या, पत्र्याच्या ट्रंका, पोरंबाळं, कॉलेजची मुलं, सगळी चढत होती आणि कंडक्टरबाई त्यांना मागे सरका, मागे सरका म्हणून ढकलत होत्या. सीटा भरल्या, मधली वाट भरली, मागचा भाग खचाखच भरला. दट्ट्याला आधी नुसतंच अस्वस्थ वाटलं, का ते कळेना. पुढच्या थांब्यावर दारात एक जाडजूड बाई दोन पोती घेऊन उभी राहिली आणि त्याच्या मनात आलं, हिने चढू नये. स्वतःच्याच विचाराचं त्याला आश्चर्य वाटलं. ती चढली, बस मागून आणखी थोडी दबली, आणि डोंगराचा रस्ता लागला.

पहिला ठोका बारीक होता. दुसऱ्या कुणाच्या तो ध्यानातही आला नसता. खड्डा गेला आणि खाली कुठेतरी मागे ठक् झालं, लोखंडावर लोखंड. दट्ट्याची पावलं आखडली. पुढच्या खड्ड्याला पुन्हा ठक्. त्याने स्वतःची समजूत घातली की रबराचा बुश नवीन आहे, बसेल. पुढचे चार-सहा खड्डे काही झालं नाही आणि त्याने श्वास सोडला. मग रस्ता फुटका लागला, बस एका पसरट खड्ड्यात उतरली आणि मागून असा कोरडा, आखूड हादरा आला की तो थेट पाठीच्या कण्यातून टाळूत गेला. बायकोचे ओठ घट्ट मिटले. बाकी लोकांनी नेहमीसारखं रस्त्याच्या नावाने बोटं मोडली.

"खालचा दिसतोय का?"

"दिसतोय. तुम्ही शांत बसा बरं."

शांत कसला बसतोय. त्याला आता डोळ्यांसमोर दुसरंच दिसत होतं. अ‍ॅल्युमिनियमचं माप, खूण, आणि खुणेवर सैल सुटलेला स्वतःचा हात. माणसं भरली म्हणून पाटे दबले, पाटे दबले म्हणून दांडे आत शिरले, वळणावळणाने तेल तापलं आणि फुगलं. आत तसूभर जागा उरली नव्हती. शॉकअपच्या दोन पहारी करून त्याने त्या स्वतःच्या हाताने बायकोखाली बसवल्या होत्या. घाम त्याच्या कानामागून वाहायला लागला.

बस थांबवायची म्हणजे सांगावं लागणार होतं. भर बसमध्ये, घड्याळला, कंडक्टरबाईंना, आणि मुख्य म्हणजे हिला, जी यांच्या हातची म्हणून बसली होती. सील फुटेल, त्याने मनात म्हटलं, सील फुटून जास्तीचं तेल निघून जाईल आणि सगळं आपोआप ठीक होईल. पण सीलं त्याने स्वतः निवडून घातली होती, ती कशाला फुटताहेत. आपल्याच चांगल्या कामाची अशी भीती त्याला कधी वाटली नव्हती. एक वळण गेलं, दुसरं गेलं. प्रत्येक खड्डा लांबून दिसायचा आणि तो पोटातून आवळून घ्यायचा, जणू तो स्वतः आवळल्याने बस अलगद जाणार होती. मग आणखी एक हादरा आला आणि तिच्या तोंडून, नकळत, बारीकसा आवाज निघाला.

दट्ट्या उठला. माणसांतून वाट काढत ड्रायव्हरच्या मागच्या जाळीशी गेला आणि बस थांबव म्हणाला. घड्याळने मनगट बघितलं आणि पुढच्या स्टँडवर बघू म्हणून सांगितलं, आधीच गर्दीने उशीर झाला होता. इथे कुठे उतारावर थांबू, काय तुटलंय तरी काय, काल तूच तर हात लावलास ना बसला?

"काही तुटलेलं नाही," दट्ट्या म्हणाला. त्याचा आवाज चिरकला आणि म्हणूनच मागेपर्यंत ऐकू गेला. "तेल मी जास्त घातलंय. खुणेच्या वर. शॉकअप आडलेत. थांबव रे, तिचा एकच डोळा आहे."

घड्याळने आरशातून मधल्या सीटकडे बघितलं, चादरीत गुंडाळलेली ती मान बघितली, आणि पुढच्या सपाट जागी बस बाजूला घेतली.

वजन कमी झाल्याशिवाय दांडे सुटणार नव्हते, म्हणून सगळ्यांना उतरावं लागलं. लोक कुरकुरले, पण उतरले. पोत्यांची बाई तर सगळ्यात आधी उतरली आणि बाकीच्यांवर ओरडायलाही लागली. बायको तेवढी आत, एकटी, समोर बघत. दट्ट्या पाने घेऊन पाठीवर पडला आणि बसखाली सरकला. शॉकअपला हात लावला तर चटका बसला. रुमाल गुंडाळून, दात आवळून त्याने खालचे नट सोडवले, मग वरचे, आणि दोन्ही नळ्या ओढून बाहेर काढल्या. नवीन बसवायला नव्हत्या, तिथे उघडायला व्हाइस नव्हता. आता बसच्या मागच्या अंगाला नुसते पाटे उरले, एकदा उसळले की उसळत राहणारे. शॉकअपशिवाय बस रस्त्यावर काढणाऱ्याला तो खुनी म्हणायचा. आज त्याने ते स्वतः केलं, कारण उसळणं आदळण्यापेक्षा बरं होतं, पण फक्त बस मुंगीच्या चालीने चालली तर.

हे त्याने घड्याळला सांगितलं. घड्याळने हातातलं घड्याळ सोडलं, खिशात टाकलं आणि जागेवर जाऊन बसला.

दट्ट्या वर आला तेव्हा त्याचे हात मनगटापर्यंत काळे होते. बायकोच्या मागच्या सीटवरची दोन कॉलेजची मुलं न सांगता उठली. तिथल्या जागेत तो उभा राहिला, गुडघे तिच्या सीटच्या पाठीला टेकवले आणि हात पुढे नेऊन मधेच थांबला.

"हात काळे आहेत गं."

"असू देत. धरा."

त्याने तिचं डोकं दोन्ही बाजूंनी, कानांवर तळवे ठेवून, धरलं. बस हलली. पाटे झुलायला लागले, बस लाटेवर चढावी तशी मागून वर यायची आणि खाली जायची. सीट वर यायला लागली की तो कोपरं सैल सोडायचा आणि डोकं जिथल्या तिथे राहू द्यायचा. सीट खाली गेली की डोकं एकदम सोडायचा नाही, धरून धरून, सावकाश तिच्याबरोबर खाली न्यायचा. दाबताना सैल, ओढताना घट्ट. कुणी त्याला विचारलं असतं तर आपण काय करतोय हे त्याला सांगता आलं नसतं. त्याच्या दंडांत पेटके आले, गुडघ्यांना रग लागली, कंडक्टरबाईंनी मी धरू का म्हणून विचारलं तर त्याने नुसती मान हलवली. अधूनमधून तो विचारायचा, खालचा? आणि ती म्हणायची, दिसतोय. शहर येईपर्यंत त्या एका शब्दावर तो उभा होता.

शहराच्या स्टँडवर लोक आधी ह्या दोघांना उतरू देण्यासाठी थांबले. दवाखान्यात नर्सने तिच्या दोन्ही कानांवरचे, गालांवरचे काळे पंजे बघितले आणि दट्ट्याकडे असं काही बघितलं की त्याने हात पाठीमागे घेतले. डॉक्टरांनी तपासलं. मधला भाग अजून चिकटलेला आहे, ते म्हणाले, पण सुटलेली कड अगदी त्याच्या उंबऱ्यावर आलीय, लगेच घेऊ. दट्ट्या बाकावर बसला. पायांशी दोन शॉकअप त्याने भिंतीला टेकवून उभे ठेवले होते, आडवे ठेवले की आत हवा शिरते म्हणून. दार उघडेपर्यंत तो त्यांच्याकडे बघत राहिला.

शस्त्रक्रिया झाली. डोळ्यात हवेचा फुगा भरला होता, पडदा भिंतीला दाबून धरण्यासाठी. फुगा योग्य जागी राहावा म्हणून तिने पुढचे काही दिवस तोंड खाली करूनच पडून राहायचं होतं, कपाळाला आधार, चेहरा खाटेच्या काठाबाहेर, नजर फरशीकडे. फुगा विरेपर्यंत सगळं धूसर दिसेल, दिसलंच तर अगदी नाकाजवळचं, असं डॉक्टर म्हणाले. नजर किती वाचली ते त्याशिवाय कळणार नव्हतं. दट्ट्याला आता बायको म्हणून फक्त तिचा अंबाडा आणि पाठ दिसायची. तो तिच्या पाठीशीच बोलायचा आणि ती फरशीशी.

पट्टी निघाली त्या दुपारी त्याने मनातलं बोलून टाकलं. नशीब, तो म्हणाला, वाटेत सावली वर चढली नाही, नाहीतर मी स्वतःला माफ केलं नसतं.



"तो खालचा स्क्रू मला बसमध्ये बसल्यापासून दिसत नव्हता," ती म्हणाली.

दट्ट्या बघतच राहिला, तिच्या पाठीकडे.

"अगं, मग दिसतोय, दिसतोय काय म्हणत होतीस?"

"आदल्या संध्याकाळी विचारलंत, तेव्हाही ते वर सरकतच होतं. होतं तेवढंच म्हटलं, तरी तुम्ही जाऊन मापाबाहेर तेल ओतलंत. खरं सांगितलं असतं तर डबाच उपडा केला असता."

रडू येतंय असं त्याला वाटलं आणि ते आलंही, तोंड लपवायची गरजच नव्हती, ती फरशीकडे बघत होती. मग एकदम त्याला वाटलं, हिचा चेहरा बघायला हवा. तो खाली बसला, पाठ फरशीला टेकवली आणि आयुष्यभर बसखाली सरकत आला तसा खाटेखाली सरकला, बरोबर तिच्या चेहऱ्याखाली. डोळा लाल होता, सुजलेला होता, पण उघडा होता. काय दिसतंय, हे विचारायचं त्याने कसंबसं टाळलं. नुसता हात वर नेला आणि तिच्या गालावर उरलेला काळा डाग अंगठ्याने पुसायला लागला.

ती त्या हाताकडे बघत राहिली, नाकाशी आलेल्या त्या बोटांकडे, एकेका पेराकडे.

"नखं तरी नीट धुवायची होती," ती म्हणाली. "सगळ्या रेघांत तेल आहे तुमच्या."